पुढचा प्रोग्राम सुचवणारं सॉफ्टवेअर: आधी नोंदवही, मग गणित

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा विद्यार्थी पुसदला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. महागाव तालुक्यातल्या एका गावात त्याच्या मामांचं ऑनलाइन कामांचं केंद्र आहे आणि तिथे विंडोजचे तीन संगणक आहेत. वापरणाऱ्याच्या सवयी बघून ‘आता हा प्रोग्राम उघडायचा का?’ असं सुचवणारं सॉफ्टवेअर त्याला प्रकल्प म्हणून करायचं आहे. पायथॉन येतं. मशीन लर्निंगची कोणती पद्धत लावू, डेटा कुठून डाउनलोड करू, आणि तीन महिन्यांत होईल का, असं त्याने विचारलं आहे.

तीन महिन्यांत होईल. डेटा मात्र कुठून डाउनलोड करायचा नाही, तो मामांच्या टेबलावर रोज तयार होतो. पद्धतीचं म्हणाल तर मोजणीचा एक तक्ता पुरतो: कशानंतर काय उघडलं आणि किती वेळा. वेळ सगळा जाणार आहे तो नोंद खरी ठेवण्यात. आणि विचारलेली नसली तरी एक गोष्ट आधी ठरवावी लागेल: ‘सुचवणं’ म्हणजे नेमकं काय? संगणकावर आधीच असलेल्या प्रोग्रामांपैकी पुढचा कोणता लागेल हे ओळखणं हे एक काम. संगणकावर नसलेला, पण ह्या माणसाच्या उपयोगाचा प्रोग्राम सुचवणं हे दुसरं. दोन्हींची यंत्रं वेगळी आहेत. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही कोंबायला गेलात तर परीक्षेच्या दिवशी दोन्ही अर्धवट असतील. मुख्य काम पहिलं धरा, दुसऱ्याबद्दल शेवटी लिहितो.

आता ‘प्रोग्राम’ म्हणजे काय ते बघू. केंद्रावर सकाळपासून काय चालतं? कुणी म्हणतं, ‘भाऊ, सातबारा काढून द्या बरं.’ ब्राउझरमध्ये पोर्टल, मग पीडीएफ, मग प्रिंट. दुसऱ्याला महाडीबीटीचा अर्ज भरायचा असतो. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप वेबवर येतो, डाउनलोडचं फोल्डर उघडतं, फोटो पेंटमध्ये लहान होतो आणि परत ब्राउझरमध्ये चढतो. ह्या सगळ्याची नोंद तुम्ही नुसत्या एक्झीच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलच्या, नावाने घेतलीत तर हाती काय येईल? क्रोम, क्रोम, पीडीएफ रीडर, क्रोम, एक्सप्लोरर (फोल्डर दाखवणारा प्रोग्राम), पेंट, क्रोम. त्यावर बसवलेलं कुठलंही मॉडेल ‘क्रोम उघडा’ एवढंच शिकेल. त्याची अचूकता कागदावर छान दिसेल आणि मामांना उपयोग शून्य.

म्हणून नोंदीचं एकक ‘कामाची जागा’ धरा. ब्राउझरच्या बाबतीत जागा म्हणजे साइटचं यजमान-नाव (होस्टनेम, म्हणजे पत्त्यातलं फक्त साइटचं नाव): भूलेख वेगळं, डिजिटल सातबारा वेगळं, महाडीबीटी वेगळं, पीक विम्याचं पोर्टल वेगळं. एक्सप्लोररच्या बाबतीत खिडकीचा क्लास, म्हणजे तिच्या प्रकाराचं नाव, बघा. ‘कॅबिनेटडब्ल्यूक्लास’ असेल तर माणसाने खरंच फोल्डर उघडलं आहे. ‘प्रॉगमॅन’ किंवा ‘वर्करडब्ल्यू’ म्हणजे डेस्कटॉप आणि ‘शेल_ट्रेडब्ल्यूएनडी’ म्हणजे टास्कबार, ह्या दोन्हींची नोंद नको. स्टोअरमधून आलेले बरेच प्रोग्राम ‘अ‍ॅप्लिकेशनफ्रेमहोस्ट’ ह्या एकाच नावाखाली दिसतात. त्यांच्या आतली चाइल्ड खिडकी (खिडकीतली खिडकी) शोधून तिचा प्रोसेस, म्हणजे खरा चालू प्रोग्राम, काढावा लागतो. जावावर चालणारी बहुतेक साधनं ‘जावाडब्ल्यू’ म्हणून येतात, तिथे कमांड लाइनमधलं जार फाइलचं नाव घ्या. पायथॉनची पीएसयूटिल ही लायब्ररी ते देते. हे सगळं केल्यावर एका केंद्रात साधारण चाळीस जागा निघतात असं धरून चाला.

नोंदणारा भाग असा बांधा. दर सेकंदाला ‘आता पुढची खिडकी कोणती’ असं विचारत बसू नका, त्याने प्रोसेसर उगाच जागा राहतो आणि मधल्या घडामोडीही निसटतात. विंडोजचं ‘सेटविनइव्हेंटहुक’ वापरा (हुक म्हणजे घटना घडली की आपल्याला कळवणारी जोडणी) आणि पुढची खिडकी बदलल्याची घटना, म्हणजे ‘इव्हेंट_सिस्टिम_फोरग्राउंड’, तेवढीच मागा. घटनेसोबत खिडकीचं हँडल, म्हणजे ओळख-क्रमांक, मिळतं. त्यावरून ‘गेटविंडोथ्रेडप्रोसेसआयडी’ने प्रोसेस क्रमांक आणि ‘क्वेरीफुलप्रोसेसइमेजनेम’ने फाइलचा पूर्ण मार्ग काढा. प्रोसेस उघडताना ‘क्वेरी लिमिटेड इन्फर्मेशन’ एवढीच परवानगी मागा. जास्त मागितलीत तर काही प्रोसेस नकार देतात.

इथे चार ठिकाणी ठेच लागते. पहिली: हा हुक ज्या थ्रेडमध्ये लावला त्या थ्रेडमध्ये मेसेज लूप (आलेले निरोप उचलत राहणारा फेरा) फिरत असला पाहिजे, नाहीतर एकही घटना येत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. दुसरी: सीटाइप्सने केलेला कॉलबॅक (घटना आली की चालणारं फंक्शन) एखाद्या ग्लोबल नावात धरून ठेवा. पायथॉनच्या कचरा-सफाईत तो गेला तर प्रोग्राम कधी पाच मिनिटांनी, कधी तासाने कोसळतो, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. तिसरी: हे सगळं विंडोज सर्व्हिस (पडद्याआड आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून बसवण्याचा मोह टाळा. व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सत्रात, सत्र शून्यात चालतात आणि त्यांना वापरणाऱ्याचा डेस्कटॉप दिसत नाही. टास्क शेड्यूलरमध्ये ‘लॉग ऑन झाल्यावर’ असा टास्क लावा. चौथी: केंद्रात अजून विंडोज ७ असेल तर त्यावर पायथॉन ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती आहे, ३.९ बसत नाही.

दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ पुढे राहिलेली खिडकी मोजू नका. ऑल्ट-टॅब करताना वाटेत चार खिडक्या लागतात, ती सवय नव्हे. आणि ‘गेटलास्टइनपुटइन्फो’ने शेवटचा माउस किंवा कीबोर्ड कधी हलला ते बघा. दहा मिनिटं शांतता असेल तर साखळी, म्हणजे एकामागून एक उघडलेल्या जागांचा क्रम, तोडा, कारण जेवून आल्यावर उघडलेला प्रोग्राम जेवणाआधीच्या प्रोग्रामशी जोडण्यात अर्थ नाही.

ब्राउझरचं यजमान-नाव खिडकीच्या शीर्षकातून खात्रीने मिळत नाही. त्यासाठी ब्राउझरचं छोटं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा प्रोग्राम) लिहा. टॅब बदलला किंवा पत्ता बदलला की त्याने फक्त यजमान-नाव ‘नेटिव्ह मेसेजिंग’ने (ब्राउझरमधून संगणकावरच्या प्रोग्रामला निरोप देण्याच्या सोयीने) तुमच्या पायथॉनला पाठवायचं. संदेशाआधी चार बाइटमध्ये लांबी आणि मग जेसन (माहिती लिहिण्याचा ठरलेला साचा), असा त्याचा ढाचा असतो. विंडोजवर पायथॉनने स्टँडर्ड इनपुट बायनरी पद्धतीनेच वाचायला हवं. टेक्स्ट पद्धतीने वाचलं तर ओळीच्या शेवटची अक्षरं बदलतात आणि लांबी चुकते. एक्स्टेन्शनच्या तिसऱ्या मॅनिफेस्टमध्ये (नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीत) सर्व्हिस वर्कर, म्हणजे एक्स्टेन्शनचा पडद्याआड चालणारा भाग, ३० सेकंद काम नसेल तर झोपतो, त्यामुळे ‘मागची साइट कोणती’ असली माहिती त्याच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. ती पायथॉनकडे असू द्या.

पूर्ण पत्ता कधीच साठवू नका. प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अर्ज क्रमांक असतात. खिडकीच्या शीर्षकात तर कधी शेतकऱ्याचं नाव, कधी ‘आधार’ असं नाव दिलेली फाइल, कधी गट क्रमांक दिसतो. शीर्षक लागलंच तर मेमरीत वाचा, ठरलेल्या शब्दांशी जुळवा आणि तिथेच टाकून द्या; डिस्कवर जाता कामा नये. कीबोर्डच्या कळा पकडणारा हुक ह्या कामाला लागतच नाही. तो लावलात तर अँटीव्हायरस ओरडेल आणि त्याचं ओरडणं बरोबर असेल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा उल्लेख प्रकल्पाच्या अहवालात करा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मामा आणि तिथे काम करणारी पोरं ह्यांना काय नोंदलं जातं ते मराठीत एका कागदावर लिहून दाखवा, ट्रेमध्ये ‘नोंद थांबवा’ असं बटण द्या आणि ९० दिवसांपूर्वीच्या कच्च्या नोंदी आपोआप पुसा.

साठवणीला एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) पुरे. एका नोंदीत अनुक्रमांक, जागेचा क्रमांक, किती सेकंद पुढे होती, कशी उघडली (स्वतः, की तुमच्या सूचनेवरून) आणि वेळ, एवढंच ठेवा. एक नोंद १०० बाइटची धरली आणि दिवसाला गाळून ८०० पावलं उरली (एका जागेवरून दुसरीवर जाणं म्हणजे एक पाऊल), तर काहीच न पुसता ३०० कामाच्या दिवसांतही २४ एमबीच होतात. डिस्कवरच्या जागेची चिंता नको. चिंता लाइनची करा. गावात लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असेल तर तो एक मिनिटही धरत नाही. एसक्यूलाइट ‘वॉल’ पद्धतीत (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या) आणि ‘सिंक्रोनस’ची सेटिंग ‘नॉर्मल’ ठेवून चालवा. लाइन गेली तर शेवटच्या काही नोंदी जातील, पण फाइल बिघडणार नाही. हा सौदा इथे परवडतो, कारण दहा पावलं हरवल्याने सवय बदलत नाही. नोंदी ३० सेकंदांच्या गठ्ठ्याने लिहा. जुन्या हार्ड डिस्कवर दर पावलाला लिहिलंत तर मामांनाच संगणक मंद वाटेल.

वेळेचं प्रकरण ह्याहून वाईट आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर लाइन गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होईल असं वाटतं, पण एकट्या संगणकावर विंडोजची वेळ-सेवा १५ तासांहून मोठी तफावत मुळात स्वीकारत नाही. मग पोर्टल उघडताना साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची चूक दिसते, कुणीतरी हाताने तारीख लावतं आणि काम सुरू होतं. तुमच्या गणिताचं मात्र काय होतं ते बघा. जुन्या सवयी हळूहळू विसरण्यासाठी ‘दर १० दिवसांनी गुण (म्हणजे तक्त्यातली मोजणी) निम्मे’ असं सूत्र सगळेच लावतात. घड्याळ ४०० दिवस मागे गेलं तर गेलेले दिवस उणे ४०० येतात, आणि निम्मे होण्याऐवजी गुण ४० वेळा दुप्पट होतात. म्हणजे सुमारे एक लाख कोटी पट. त्या दिवशी पहिल्यांदा उघडलेला प्रोग्राम त्यानंतर कायम पहिल्या क्रमांकावर. अपटाइम (संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ) धरावा तर फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या विंडोजमध्ये शटडाउन करूनही तो शून्यावर येत नाही.

उपाय साधा आहे: घड्याळ वापरूच नका, पावलं मोजा. ‘दर ८,००० पावलांनी गुण निम्मे’ असं ठरवा. दिवसाला ८०० पावलं असतील तर हे दहा कामाचे दिवस झाले. दिवाळीला केंद्र आठवडाभर बंद राहिलं तरी काही विसरलं जात नाही, आणि पीक विम्याच्या गर्दीत पावलं वाढतात तेव्हा विसरणंही आपोआप वेगाने होतं, जे हवंच आहे. तक्त्याच्या प्रत्येक घरात दोन आकडे ठेवा: गुण आणि शेवटचं पाऊल. समजा एका घरात १२ गुण आहेत, शेवटचं पाऊल ४०,००० आणि आताचं ४८,०००. मधली पावलं ८,०००, म्हणून १२चे ६ झाले, आताचा एक मिळवून ७. सगळा तक्ता रोज बसून कमी करायची गरज नाही. ज्या घराला हात लागेल तेवढंच ताजं करा, आणि वाचतानाही हाच हिशोब लावूनच वाचा.

तक्ता म्हणजे ‘ह्या जागेनंतर ती जागा किती वेळा’. चाळीस जागा म्हणजे चाळीस गुणिले चाळीस, १,६०० घरं. त्यातली बरीच रिकामीच राहतात. एवढ्या डेटावर न्यूरल नेटवर्क चढवणं म्हणजे शेतातल्या बांधापर्यंत जायला एसटी मागवणं. परीक्षकांना नाव हवं असेल तर ह्याला पहिल्या दर्जाची मार्कोव्ह साखळी म्हणतात. २००५ साली लिनक्ससाठी लिहिलेला ‘प्रीलोड’ हा कार्यक्रम अशाच साखळीवर पुढे लागणाऱ्या फाइली आधीच मेमरीत आणून ठेवायचा. तसं करायचा मोह मात्र आवरा: ४ जीबी रॅमच्या संगणकावर क्रोमने आधीच सगळी जागा घेतलेली असते.

आता आकडे घालून बघू. समजा, डिजिटल सातबाऱ्यानंतरची ४० पावलं बघितली. २६ वेळा पीडीएफ रीडर, ९ वेळा व्हॉट्सअ‍ॅप वेब, ५ वेळा वर्ड. म्हणजे पीडीएफची शक्यता ०.६५. पण ह्या ४० पावलांवर कितपत विसंबायचं? त्यासाठी एकूण वापरातला पीडीएफचा वाटा घ्या, समजा ०.२०, आणि दोन्हींचं मिश्रण करा. विश्वासाचं वजन ‘न भागिले (न अधिक ५)’, न म्हणजे बघितलेली पावलं. इथे ४० भागिले ४५, म्हणजे ०.८९. उत्तर: ०.८९ गुणिले ०.६५ अधिक ०.११ गुणिले ०.२०, म्हणजे ०.६०. आता एखादी क्वचित उघडणारी जागा घ्या, जिच्यानंतर दोनच पावलं आहेत आणि दोन्ही वेळा पीडीएफ. नुसती टक्केवारी १०० म्हणेल. वजनाने बघितलं तर २ भागिले ७, म्हणजे ०.२९, आणि उत्तर ०.४३. दोनदा घडलेल्या गोष्टीला सवय म्हणायचं नाही, हे सूत्रातल्या त्या ५ ह्या आकड्यात बसलेलं आहे. मागच्या दोन जागा बघणारा तक्ताही ह्याच पद्धतीने वरून मिसळता येतो: दोन जागांचा पुरावा कमी पडला की एका जागेवर या, तोही कमी पडला की एकूण वाट्यावर.

केंद्राच्या कामात एक खूण सोन्यासारखी आहे: प्रिंट. कागद बाहेर आला की बहुतेक वेळा एका गिऱ्हाइकाचं काम संपतं आणि पुढच्याचं सुरू होतं. ती खूण मिळाली की साखळी तोडून ‘सुरुवात’ अशी खोटी जागा मधे घाला. मग ‘सुरुवातीनंतर काय’ ह्याचा वेगळा हिशोब तयार होतो आणि पीडीएफनंतर येणारं पुढच्या माणसाचं काम पीडीएफच्या खात्यावर चढत नाही. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ‘प्रिंटसर्व्हिस’चा ‘ऑपरेशनल’ भाग असतो, तो मुळात बंद असतो. चालू केलात की छापलेल्या प्रत्येक कागदपत्रासाठी ३०७ क्रमांकाची घटना येते. त्यात कागदपत्राचं नावही येऊ शकतं, ते वाचू नका. घटना घडली एवढंच पुरे. झेरॉक्स मशीन वेगळं असेल तर त्याची खबर संगणकाला लागत नाही, तेवढी चूक सोसायची.

तास आणि वार घालायचा का? ‘सकाळी ईमेल, दुपारी एक्सेल’ ही ऑफिसातली कल्पना आहे. केंद्रात पुढचं काम घड्याळ ठरवत नाही, समोर उभा असलेला माणूस ठरवतो. वाराचा परिणाम एकाच दिवशी ठळक असतो, तो म्हणजे बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतली माणसं त्या दिवशी एका फेरीत सगळी कामं उरकतात. सात वारांचे सात तक्ते केलेत तर डेटा सात ठिकाणी वाटला जाऊन प्रत्येक तक्ता उपाशी राहील. ‘बाजार’ आणि ‘इतर’ असे दोन पुरेत, तेही फक्त ‘सुरुवात’ ह्या जागेसाठी. हंगामाचं वेगळं खातं नको, विसरण्याचा वेग ते सांभाळतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या मागेपुढे उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांची रांग. जुलैत पीक विमा. पुढे सोयाबीन-कापूस निघायला लागला की हमीभावाच्या नोंदणीची चौकशी. आठ हजार पावलांत तक्ता एका हंगामातून दुसऱ्यात सरकतो. नव्या हंगामाचे पहिले दोन दिवस सूचना चुकतील, हे मामांना आधीच सांगून ठेवा.

एकाच लॉगिनवर तीन माणसं बसतात ही गावाकडची खरी अडचण. पुस्तकं म्हणतात, प्रत्येकाचं वेगळं खातं करा. प्रत्यक्षात रांग लागलेली असताना कुणी लॉग ऑफ करत नाही. त्यापेक्षा दुसरा, छोट्या आठवणीचा तक्ता ठेवा, ज्यात ३०० पावलांत गुण निम्मे होतात. मोठ्या तक्त्याला ०.७ आणि छोट्याला ०.३ असं वजन द्या. खुर्चीत माणूस बदलला की काही वेळाने छोटा तक्ता त्याच्या चालीवर येतो. ०.३ हा काही देवाने दिलेला आकडा नाही. तुमच्या नोंदींवर ०.१पासून ०.५पर्यंत फिरवून बघा.

पहिल्या दिवशी तक्ता रिकामा असतो, तेव्हा काय दाखवायचं? विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या साठ्यात) ‘युजरअसिस्ट’ नावाचा कप्पा आहे. तिथे विंडोज स्वतःच प्रत्येक प्रोग्राम किती वेळा आणि शेवटचा कधी सुरू झाला ते ठेवतं. नावं आरओटी-१३ने लिहिलेली असतात, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं सरकवलेलं. पायथॉनमध्ये एका ओळीत उलगडतात. त्यातून क्रम मिळत नाही, पण एकूण वाटा मिळतो, आणि वरच्या मिश्रणाला सुरुवातीला तेवढंच लागतं.

मग तपासणी. इथेच बहुतेक प्रकल्प स्वतःला फसवतात. पायथॉनच्या सायकिट-लर्न ह्या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतलं ‘ट्रेन-टेस्ट-स्प्लिट’ मुळात नोंदी पिसून वाटतं. मंगळवारच्या नोंदीवरून सोमवारचा अंदाज केला तर तो बरोबर येणारच. नोंदी क्रमाने ठेवा: चार आठवड्यांपैकी तीनवर तक्ता बांधा, चौथ्यावर एकेक पाऊल पुढे जात आधी अंदाज घ्या, मग खरं पाऊल तक्त्यात मिळवा. मोजायचं ते ‘पहिल्या तीन सूचनांत बरोबर जागा होती का’. आणि शेजारी दोन साधे स्पर्धक उभे करा: शेवटी वापरलेल्या तीन जागा, आणि सर्वांत जास्त वापरलेल्या तीन जागा. ‘शेवटी वापरलेल्या’ला हरवणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण माणूस दोन खिडक्यांत झुलत असतो. तुमचा तक्ता तिथे हरला तर लाजू नका, अहवालात तसंच लिहा आणि मग एक वेगळा आकडा काढा: आधी उघडी नसलेली जागा उघडली, अशाच पावलांवर कोण जिंकतं? टास्कबारवर समोर दिसणाऱ्या खिडकीकडे जायला सूचनेची गरज नसते. सूचनेची खरी किंमत नवं काही उघडताना आहे, आणि साखळीचा तक्ता सरस ठरण्याची शक्यता तिथेच जास्त.

पडद्यावर दाखवण्याचा भाग छोटा दिसतो, पण सॉफ्टवेअर वापरात राहतं की मामा तिसऱ्या दिवशी काढून टाकतात हे तिथे ठरतं. ऑफिस २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरलेले पर्याय लपवणारे मेनू आणले होते. रोज जागा बदलणाऱ्या मेनूंना लोक वैतागले, कारण हाताला जागा पाठ झालेली असते. ऑफिस ९७मधला कागदाची क्लिप असलेला सहायकही असाच. त्याच्यामागच्या ‘लुमिएर’ संशोधनात संभाव्यतेचं गणित पक्कं होतं, तरी मधे मधे डोकावण्यामुळे तो विनोदाचा विषय झाला. म्हणून उगवणारी खिडकी नको, आवाज नको. टास्कबारच्या वर तीन चौकटींची बारीक पट्टी ठेवा. एखादी सूचना आधीपासून दुसऱ्या चौकटीत असेल तर ती दुसऱ्यातच राहू द्या, गुण वाढले म्हणून पहिल्यात आणू नका. नव्या सूचनेचे गुण जुनीपेक्षा किमान २० टक्के जास्त असतील तरच जुनीला हटवा. आणि सर्वांत वरच्या सूचनेचीही शक्यता ०.२५च्या खाली असेल तर पट्टी रिकामी ठेवा. गप्प बसणाऱ्या पट्टीवर विश्वास बसतो. सतत काहीतरी सुचवणारीकडे बघणं डोळे आपोआप बंद करतात.

पट्टीची खिडकी फोकस घेणारी असेल तर एक गमतीशीर फेरा सुरू होतो. पट्टी पुढे येते, तिचीच घटना नोंदली जाते, सूचना बदलतात, पट्टी पुन्हा रंगते. खिडकीला ‘नोअ‍ॅक्टिव्हेट’ ही विस्तारित शैली द्या आणि हुक लावताना ‘स्वतःचा प्रोसेस वगळा’ हा ध्वज लावा. दुसरा फेरा जास्त लबाड आहे. तुम्ही सुचवलं म्हणून त्याने दाबलं, दाबलं म्हणून गुण वाढले, वाढले म्हणून पुन्हा सुचवलं. महिन्याभरात तक्ता मामांच्या सवयी सोडून स्वतःच्याच सवयी शिकतो. नोंदीत ‘कशी उघडली’ हा रकाना त्यासाठीच आहे. सूचनेवरून उघडलेल्या पावलाला एकऐवजी अर्धा गुण द्या, आणि सूचनेवरून उघडून पाच सेकंदांच्या आत बंद केलं तर शून्य.

संगणकावर नसलेले प्रोग्राम सुचवायचे असतील तर ‘तुमच्यासारख्या लोकांनी हे वापरलं’ ही ऑनलाइन दुकानांची रीत इथे चालत नाही. तिला हजारो वापरणारे लागतात, तुमच्याकडे तीन संगणक आहेत. त्याऐवजी हाताने लिहिलेले वीस-तीस नियम ठेवा: कोणती साखळी दिवसात किती वेळा दिसली तर काय सुचवायचं. उदाहरणार्थ, डाउनलोडचं फोल्डर, पेंट आणि परत पोर्टल ही साखळी दिवसात १५ वेळा दिसली, तर फोटो एका क्लिकमध्ये लहान करणारं साधन सुचवा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं इमेज रिसायझर फुकट आहे, पण ते लांबी-रुंदी ठरवतं, केबीची मर्यादा नाही, हे सूचनेतच लिहा. इरफानव्ह्यू सुचवताना जपून: ते बिगर-व्यावसायिक वापरालाच फुकट आहे आणि केंद्र हा धंदा आहे. पीडीएफ जोडण्याची साइट रोज उघडत असेल तर पीडीएफसॅम बेसिक सुचवा. गिऱ्हाइकाची कागदपत्रं परक्या साइटवर चढवण्यापेक्षा ते बरंच बरं. वर्डमधून उचललेला श्रीलिपीचा (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला) मजकूर फाँट कन्व्हर्टरच्या साइटवर वारंवार जात असेल, तर युनिकोड इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुचवण्यासारखा आहे, पण आठवड्यात एकदाच. वीस वर्षांचं हाताचं वळण सूचनेने बदलत नसतं. प्रत्येक नियमाला ‘पुन्हा दाखवू नका’ हे बटण असलंच पाहिजे.

बसवताना पायइन्स्टॉलरची (पायथॉनच्या कोडची एक्झी करणाऱ्या साधनाची) एकाच फाइलची पद्धत टाळा. तशा एक्झीला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, बऱ्याचदा विनाकारण धोकादायक ठरवतो, शिवाय दर वेळी सुरू होताना ती स्वतःला टेंप फोल्डरमध्ये उलगडत बसते. फोल्डरची पद्धत वापरा. तिन्ही संगणकांचे तक्ते एकत्र करू नका. ज्या टेबलावर स्कॅनर आहे तिथली चाल आणि नुसत्या फॉर्मच्या टेबलावरची चाल एकमेकांशी जुळत नाही.

वेळापत्रक असं धरा: नोंदणारा भाग आणि एक्स्टेन्शन पहिल्या तीन आठवड्यांत, आणि ते तयार होताच लगेच बसवून टाका. पुढचे चार आठवडे नोंदी साठत असताना तक्ता आणि तपासणीचा कोड लिहा. पट्टी त्यानंतर, दोन आठवडे. उरलेल्या दिवसांत पट्टी मामांच्या हाती देऊन आकडे गोळा करा आणि अहवाल लिहा. पट्टी बसवण्याआधीचे किमान दोन आठवडे निव्वळ नोंदीचे असू द्या, कारण एकदा सूचना दिसायला लागल्या की मूळ सवय कशी होती हे पुन्हा कधीच मोजता येत नाही.